रातोरात न संपलेले गाव

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेजवळ, समुद्रसपाटीपासून ८,३७९ फुटांवर, झाडांचे नाव नसलेल्या टेकड्यांच्या कुशीत बोडी नावाचे गाव आहे. तिथे आता कोणी संसार करत नाही. उन्हाळ्यात पर्यटक येतात, शेवटचे तीन मैल कच्च्या रस्त्यावरची धूळ खात येतात आणि घरांच्या काचांना नाक लावून आत डोकावतात. आत टेबल-खुर्च्या आहेत, पलंग आहेत, दुकानाच्या फळ्यांवर डबे आणि बाटल्या आहेत, शाळेत बाके आहेत. पाहणाऱ्याच्या मनात गोष्ट लगेच तयार होते: एके सकाळी सोने संपले, खाणीचा भोंगा थांबला आणि माणसे भरल्या ताटावरून उठून चालती झाली.

गोष्ट फक्कड आहे, पण खरी नाही. बोडी रिकामे व्हायला साठ वर्षे लागली. ते ओसरत गेले, मध्येच पुन्हा थोडे भरले, पुन्हा ओसरले. घरातले सामान मागे राहिले त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. एवढ्या दूरच्या डोंगरातून खाट-कपाट वाहून नेण्याचे भाडे त्या खाट-कपाटाच्या किमतीपेक्षा जास्त पडे. जे गाडीत मावले ते नेले, बाकीचे सोडले.

अशा रेंगाळत संपण्यासाठी इंग्रजीत एक क्रियापद आहे, 'पीटर आउट'. ते खाणकामगारांच्या तोंडून आले आहे आणि बोडीसारख्या गावांचा इतिहास वाचताना त्याचा खरा अर्थ कळतो. उतरणीला लागण्याची इतर इंग्रजी क्रियापदे बरीच आहेत. कोसळण्याला वेगळे, विझण्याला वेगळे, मोडकळीला येण्याला वेगळे. 'पीटर आउट' मात्र अशा गोष्टीसाठी आहे जी बारीक होत जाते आणि नेमकी कोणत्या क्षणी नाहीशी झाली हे सांगता येत नाही.

ज्या माणसाचे नाव गावाला मिळाले त्याने गाव पाहिलेच नाही. डब्ल्यू. एस. बोडी हा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीचा. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या गर्दीत तोही पश्चिमेला आला आणि १८५९ मध्ये या टेकड्यांत त्याला सोन्याचा माग लागला. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सामानसुमान घेऊन परतताना तो बर्फाच्या वादळात सापडला. त्याचे अवशेष बर्फ वितळल्यावर, पुढच्या वसंतात मिळाले. नावाचे स्पेलिंगसुद्धा गावाने बदलून टाकले. पाटी रंगवणाऱ्याने शेवटची अक्षरे चुकवली आणि तेच रूढ झाले, असे सांगतात.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे तिथे विशेष काही घडले नाही. लोकांचे लक्ष शेजारी होते. सरहद्दीपलीकडे नेवाडात कॉमस्टॉक या खाणपट्ट्यातली चांदी उसळत होती आणि बोडीपासून दहा-बारा मैलांवर ऑरोरा हे गाव गजबजले होते. ऑरोराची गंमत अशी की ते कॅलिफोर्नियात आहे की नेवाडात, हे बरेच दिवस कोणालाच ठाऊक नव्हते. १८६३ मध्ये तिथल्या लोकांनी दोन्हीकडच्या निवडणुकांत मतदान केले. सीमेची मोजणी झाली, तेव्हा गाव नेवाडात निघाले. मार्क ट्वेननेही १८६२ मध्ये इथे सोन्याचांदीच्या मागे हात घाण करून पाहिले, काही लागले नाही आणि तो व्हर्जिनिया सिटीत वर्तमानपत्राच्या नोकरीला गेला. साहित्याचे त्यात भलेच झाले.

१८७५ मध्ये बोडीतल्या एका जुन्या, जवळजवळ टाकून दिलेल्या खाणीत दरड कोसळली. आत भरपूर सोने असलेली शीर उघडी पडली. तेव्हा खाण दोघा भागीदारांकडे होती. त्यातल्या एकाचे नाव पीटर एशिंग्टन होते, पण आपल्या क्रियापदाशी त्याचा काही संबंध नाही. ते क्रियापद तोवर तीस वर्षांचे झाले होते. खाण सॅन फ्रान्सिस्कोच्या भांडवलदारांनी विकत घेतली, १८७७ मध्ये 'स्टँडर्ड' कंपनी सुरू झाली आणि माणसांचा लोंढा आला. १८७९-८० पर्यंत वस्ती पाच ते आठ हजारांच्या घरात गेली असावी. अंदाज वेगवेगळे आहेत, कारण अशा गावात माणूस मोजायला थांबत नाही. सुमारे दोन हजार इमारती, तीसेक खाणी आणि दगड कुटणाऱ्या नऊ गिरण्या. गिरणीत लोखंडी मुसळे रात्रंदिवस खडकावर आदळत. कुटलेल्या भुकटीतले सोने पाऱ्याला चिकटवून वेगळे करत. त्या मुसळांचा आवाज गावात इतका भिनला होता की तो थांबला तर लोकांना झोप येत नसावी.

बोडीचे दारूचे गुत्ते आणि गोळीबार यांवर अमेरिकेत पुस्तकांचे ढीग आहेत. मुख्य रस्त्यावर साठावर गुत्ते होते म्हणतात. बोडीला निघालेल्या एका लहान मुलीने देवाचा निरोप घेतला, कारण तिथे देव भेटणार नव्हता, ही दंतकथाही प्रसिद्ध आहे. गावचे संपादक मात्र म्हणत की मुलगी निरोप घेत नव्हतीच, ती आनंदाने देवाची शपथ घेत होती, विरामचिन्ह चुकले. हे सगळे रंजक आहे, पण गावाचे भवितव्य गुत्त्यांत ठरले नाही. ते जमिनीखाली ठरले होते, माणूस तिथे पोचण्याच्या फार आधी.

साधारण ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी या टेकड्यांखाली तापलेले पाणी खडकांच्या भेगांतून वर चढत होते. त्यात सोने आणि चांदी विरघळलेली होती. वर येता येता दाब कमी झाला, पाणी उकळले आणि धातू भेगांत गारगोटीबरोबर साचला. हे उकळणे ठरावीक खोलीच्या पट्ट्यात होते. त्यामुळे सोनेही त्या पट्ट्यातच दाट असते. बोडीत हा दाट पट्टा वरच्या सुमारे पाचशे फुटांत होता. त्याखाली भेगा होत्या, गारगोटी होती, सोने मात्र विरळ.

हे आज भूशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. १८८० च्या खाणकामगाराला ते कळायला मार्ग नव्हता. तो शिरेच्या मागोमाग खाली जायचा. शीर कुठे पुरुषभर रुंद, कुठे हातभर, कुठे चार बोटे. मग तिला फाटे फुटत, फाट्यांचे दोरे होत आणि दोरे खडकात विरून जात. पण विरलेली शीर दहा फुटांवर पुन्हा रुंद होऊ शकते, आणि कधीकधी होतेही. म्हणून काम थांबवायचे कधी, हा प्रश्न खाणीत कधीच सुटत नाही. आज रेघ दिसते आहे ना? मग आणखी एक सुरुंग लावू. बोडीत काही कंपन्या या आशेवर हजार फुटांच्या खाली गेल्या. भूगर्भातले पाणी उपसायला पंप बसवले. हाती आले ते बहुतेक पाणीच.

आशेला पैशाचाही टेकू होता. तिकडच्या खाण कंपन्यांना भागधारकांकडून पुन्हा पुन्हा वर्गणी मागता येई. शेअर एकदा विकत घेतला म्हणजे सुटलो, असे नव्हते. वर्गणी भरली नाही तर शेअर लिलावात जाई. त्यामुळे सोन्याचा कण न काढताही खाण वर्षानुवर्षे 'चालू' राहू शके, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एखाद्या शिंप्याच्या किंवा स्वयंपाकिणीच्या बचतीवर. बोडीत कंपन्या निघाल्या ढीगभर. गुंतवणाऱ्याला भरघोस परतावा देणाऱ्या दोनच म्हणता येतील, 'स्टँडर्ड' आणि 'बोडी'. एकट्या स्टँडर्डने पंचवीस वर्षांत दीड कोटी डॉलरच्या आसपास सोने-चांदी दिली. १८६० ते १९४१ या सगळ्या काळात पूर्ण परिसरातून निघालेला माल सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरचा.

'पीटर आउट' हे नेमके या विरणाऱ्या शिरेचे वर्णन आहे. छापील इंग्रजीत ते १८४६ मध्ये सापडते, विल्यम पोर्टर या संपादकाने काढलेल्या विनोदी कथांच्या एका संग्रहात. तिथे बोलणारा खाणकामगार आहे, त्याची खाण आटली आहे आणि खाणीबरोबर त्याचे सोबतीही. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियात सोने सापडले २४ जानेवारी १८४८ रोजी. म्हणजे हा वाक्प्रचार कॅलिफोर्नियाच्या सोन्यातून जन्मला, असे जे सर्रास सांगितले जाते ते कालगणनेत बसत नाही. १८४६ च्या आधी अमेरिकेत खाणींची मोठी वस्ती होती ती इलिनॉय-विस्कॉन्सिनच्या सीमेवर. तिथे शिसे निघत होते. गलीना या गावाचे नावच शिशाच्या खनिजावरून पडले आहे. शब्द तिथे घडला की आणखी कुठे, यावर पैज लावू नये. सोन्याच्या गर्दीने त्याला देशभर फिरवले, एवढे श्रेय तिला द्यायला हरकत नाही.

'पीटर' आले कुठून, याची उत्तरे बरीच आहेत आणि एकही सिद्ध झालेले नाही. एक गट म्हणतो की सुरुंगाच्या दारूत सोरा असतो, इंग्रजीत 'सॉल्टपीटर'. तो संपला की काम संपले. दुसरा गट बायबलातल्या पीटरकडे बोट दाखवतो. तो येशूकडे पाण्यावरून चालत निघाला आणि मध्येच बुडू लागला. तिसरी उपपत्ती फ्रेंच आहे आणि ती चारचौघांत सांगताना थोडे अडखळायला होते. फ्रेंचमध्ये 'पेते' म्हणजे पादणे. हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. 'फिझल आउट' या सख्ख्या भावाची वंशावळ पाहिली तर तिथेही तेच निघते. 'फिझल' म्हणजे सोळाव्या शतकात आवाज न करता वारा सोडणे. पुढे अमेरिकन कॉलेजांत परीक्षेत तोंडी उत्तर देताना गडबडणाऱ्यासाठी तो शब्द वापरू लागले.

या तिन्हींपेक्षा वजनदार वाटणारा धागा चोरांच्या भाषेत आहे. जेम्स हार्डी वॉक्स नावाचा इंग्रज भामटा ऑस्ट्रेलियात शिक्षा भोगत होता. १८१२ मध्ये त्याने तिथे बसून चोर-दरोडेखोरांच्या बोलीचा छोटा कोश तयार केला. त्यात 'पीटर' हे क्रियापद 'थांब, पुरे कर' अशा अर्थाने येते. कैद्यांच्या तोंडचा शब्द समुद्र ओलांडून खाणीच्या तोंडाशी कसा पोचला, याचा पुरावा नाही. पण शब्द असेच फिरतात, खलाशी, कैदी, मजूर यांच्याबरोबर.

त्या काळी अमेरिकन बोलीत असे 'आउट' लावलेले शब्द पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखे उगवत होते. कढईत वाळू धुऊन सोने पाहण्यावरून 'पॅन आउट' आले, म्हणजे अपेक्षेप्रमाणे फळ मिळणे. सोने ओरबाडून संपलेल्या खाणीला 'प्लेड आउट' म्हणत. अब्राहम लिंकनने १८६० च्या निवडणुकीसाठी स्वतःचे छोटे चरित्र लिहून दिले. त्यात न्यू सेलममधल्या आपल्या बुडालेल्या दुकानाबद्दल तो म्हणतो की ते 'विंक आउट' झाले. दिवा मिचमिचत विझावा तसे. हा शब्द पुढे मागे पडला. 'पीटर आउट' टिकले. स्पॅनिश खाणकामगारांकडून आलेला 'बोनान्झा' जगभर पोचला. मूळ अर्थ समुद्रावरची चांगली हवा. त्याचा विरुद्धार्थी 'बोर्रास्का', म्हणजे वादळ, कॉमस्टॉकमध्ये रोज बोलला जाई, पण खाणींबाहेर कोणाला माहीत झाला नाही. वाईट काळासाठी इंग्रजीला वादळापेक्षा विरत जाणारी शीर अधिक पटली, असा याचा अर्थ काढता येईल.

पुन्हा बोडीकडे. ओहोटीची पहिली चिन्हे १८८० मध्येच दिसू लागली होती, म्हणजे भरती ऐन रंगात असताना. माँटानातल्या ब्यूटकडे आणि ॲरिझोनातल्या टूम्बस्टोनकडे नवे सोने-चांदी-तांबे खुणावत होते, आणि एकटी, बिनसंसारी माणसे आधी निघून गेली. गंमत म्हणजे गावाचे सर्वांत भक्कम बांधकाम यानंतर झाले. टेकड्यांवर झाडे नसल्याने खाणीतल्या टेकूंचे लाकूड आणि बॉयलरचे सरपण खेचरांवरून आणावे लागे, आणि त्याची टंचाई कायमची. म्हणून मोनो सरोवरापलीकडच्या जंगलापासून बत्तीस मैलांचा अरुंद रुळांचा लोहमार्ग टाकला. तो १८८१ मध्ये पोचला. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला तो कधी जोडला गेला नाही. त्याच १८८१ मध्ये उत्पादनाचा उच्चांक झाला, ३१ लाख डॉलर. पुढच्याच वर्षी मेथडिस्ट आणि कॅथलिक अशी दोन चर्च उभी राहिली. गुत्त्यांच्या ऐन काळात देवळाला सवड मिळाली नव्हती. माणसे जाऊ लागल्यावर मिळाली. मागे राहिले ते बायकामुले असलेले लोक, आणि त्यांना शाळा हवी होती, रविवारची प्रार्थना हवी होती.

१८८७ मध्ये स्टँडर्ड आणि बोडी या दोन्ही खाणी एक झाल्या. त्यानंतर जे घडले ते गाव मरणाला टेकल्याचे लक्षण मुळीच वाटत नाही. सरपणाचा खर्च परवडेना म्हणून कंपनीने १८९२ मध्ये तेरा मैलांवरच्या ओढ्यावर जलविद्युत केंद्र बांधले आणि तिथली वीज तारांनी गिरणीपर्यंत आणली. एवढ्या अंतरावरून वीज आणून यंत्रे चालवण्याचे अमेरिकेतले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. तारा शक्यतो सरळ रेषेत टाकल्या होत्या. वळणावर वीज उडून बाहेर पडेल, अशी भीती होती म्हणे. हे बहुधा नंतर रचलेले असावे. ज्यांनी ३,५०० व्होल्टची व्यवस्था उभी केली त्यांना एवढे कळत असणार. त्याच दशकात सायनाइडची पद्धत आली. कुटून टाकून दिलेल्या जुन्या मातीच्या ढिगांतून पुन्हा सोने निघू लागले. १८९८ मध्ये गिरणी जळाली, ती पुढच्या वर्षी नव्याने बांधली. आजही उभी आहे ती हीच.

म्हणजे ज्या काळाला इतिहासाची पुस्तके 'ऱ्हास' म्हणतात, त्या काळात बोडीत तंत्रज्ञान सर्वांत पुढे होते, शाळा भरत होती आणि गोळीबार थांबले होते. फक्त दर टन दगडामागे सोने कमी कमी निघत होते.

१९१० च्या जनगणनेत ६९८ माणसे. १९१२ मध्ये शेवटचे वर्तमानपत्र बंद पडले. १९१३ मध्ये स्टँडर्डची खाण थांबली. १९१५ च्या सुमाराला बोडीला 'घोस्ट टाउन' म्हणू लागले, आणि तिथे राहणाऱ्या शेकडो लोकांना ते वाचून काय वाटले असेल, ते कोणी नोंदवले नाही. १९१७ मध्ये रेल्वे मोडीत काढली. १९२० मध्ये १२० माणसे. जेम्स केन हा १८७९ मध्ये तरुणपणी आलेला व्यापारी आता गावाचा बँकर होता. माणसे जात, तसतशी त्यांची घरे, जागा आणि खाणीचे हक्क तो विकत घेत गेला. खाण पुन्हा उसळणार, यावर त्याचा विश्वास होता. ती उसळली नाही, पण या हट्टामुळे गाव एका हातात राहिले आणि लुटले गेले नाही.

१९३२ मध्ये आग लागली. काड्यापेटीशी खेळणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून ती लागली, अशी आठवण सांगतात. पाण्याचे नळ गाळाने तुंबले होते. बाजारपेठ आणि गावाचा मोठा भाग राख झाला. मूळ इमारतींपैकी आज पाच-दहा टक्केच उरल्या आहेत. तरीही काही कुटुंबे होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये महायुद्धासाठी माणसे आणि यंत्रे तांब्याच्या खाणींकडे वळवावीत, म्हणून अमेरिकी सरकारने सोन्याच्या खाणी बंद करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी बोडीचे पोस्टही बंद झाले. त्यानंतर राहिले ते राखणदार. १९६१ मध्ये बोडी राष्ट्रीय स्मारक ठरले आणि १९६२ मध्ये राज्याचे उद्यान.

आता कोणी विचारले की बोडी केव्हा संपले, तर १८८२ म्हणावे, १९१३ म्हणावे, १९३२ म्हणावे की १९४२? चारही उत्तरे चालतील. शेजारच्या ऑरोराचे तसे नाही. तिथले सोने वरवरचे होते. ते काही वर्षांत संपले, गाव ओस पडले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या इमारतींच्या विटासुद्धा उचलून नेल्या गेल्या. कॉमस्टॉकचे मोठे घबाड १८७३ मध्ये सापडले आणि दशक संपायच्या आत रिते झाले. अशा शेवटांना 'पीटर आउट' म्हणणे म्हणजे शब्दाची किंमत कमी करणे होय. बोडीला मात्र तो चपखल बसतो. आज उद्यानाचे धोरणही विलक्षण आहे. छप्परे गळू द्यायची नाहीत, पाया खचू द्यायचा नाही, पण रंग द्यायचा नाही आणि वाकलेली भिंत सरळ करायची नाही. १९६२ मध्ये पडझड जितकी होती तितकीच राखायची.

भारतात या शब्दाला शोभणारी खाण कोलारची. १८८० च्या दशकात लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने तिचे काम हाती घेतले. कॉर्नवॉलचे जे खाणकामगार कॅलिफोर्नियात गेले होते, त्यांचेच भाऊबंद कोलारलाही आले. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर वीज आणली. तिचेही मुख्य गिऱ्हाईक सोन्याची खाणच, बोडीसारखे. कोलारची शीर मात्र फार खोल गेली. माणसे तिच्यामागे जवळजवळ ३.२ किलोमीटर खाली उतरली आणि सव्वाशे वर्षांत सुमारे आठशे टन सोने वर आले. खोली वाढत गेली, दर टनामागचे सोने घटत गेले, खालची उष्णता आणि दगड फुटण्याचे अपघात वाढले. १९५० च्या दशकात खाण सरकारजमा झाली, पण दगडातले सोने काही सरकारी हुकमाने वाढत नाही. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती बंद झाली. कोलारला शेवटची तारीख मिळाली, ती कागदावर. विरणे त्याआधी कित्येक दशके चालू होते.

शब्द खाणीतून वर येऊन आता कुठेही जातो. इंग्रजी वर्तमानपत्रात मोसमी पाऊस 'पीटर आउट' होतो, जंगलातली पायवाट होते, सभेतला उत्साह होतो, मैत्रीही होते. अमेरिकेत दमून गेलेला माणूस स्वतःलाच 'पीटर्ड आउट' म्हणतो. पूल पडला, सरकार कोसळले, बँक बुडाली तर तो चालत नाही. तिथे घटना आहे, क्षण आहे. आणखी एक अट व्याकरणाची. या क्रियापदाला कर्म लागत नाही. कोणी कशाला 'पीटर आउट' करू शकत नाही, ते आपोआप होते. बोडीच्या बाबतीत हे रास्तच आहे. पाचशे फुटांखाली सोने नव्हते, यात दोष कोणाचा?

पण हेच व्याकरण माणसांच्या भांडणाला लावले की घोटाळा होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. तो 'पीटर आउट' झाला, असे इंग्रजी लेखनात पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. वरवर पाहता शब्द बिनचूक आहे. संप मोडला, असे म्हणण्याजोगा एक दिवस दाखवता येत नाही. काही कामगार परतले, बरेच जण सातारा, कोल्हापूर, कोकणात आपापल्या गावी गेले ते गेलेच. गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, काही झाल्याच नाहीत. पण इथे शीर आपोआप बारीक झाली नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे दिला होता आणि सरकारने सामंतांशी तडजोड करायची नाही, असे ठरवले होते. मालकांना कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेणे स्वस्त पडत होते, आणि पुढे गिरणीच्या चालण्यापेक्षा गिरणीची जमीन मोलाची ठरली. लाखभर घरांतली मिळकत गेली, ती अनेक जणांनी घेतलेल्या निर्णयांमुळे गेली. त्या निर्णयांना कर्ते आहेत, नावे आहेत, तारखा आहेत. 'पीटर आउट' म्हटले की ते सगळे वाक्यातून गळतात.

शिरेला लागू पडणारा शब्द संपाला लावू नये. तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतला गेलेला नाही.